गिअरबॉक्स कुणाचा, ते ब्रोशरमध्ये छापा

गाडी घेताना इंजिनाची चौकशी आपण खोदून खोदून करतो. गिअरबॉक्स कुणी बनवला, हे मात्र कुणी विचारत नाही आणि कंपन्या आपणहून सांगत नाहीत.

जर्मनीच्या झेडएफ या गिअरबॉक्स कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक घ्या. 2009 मध्ये तो बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये आला. मग ऑडी, जग्वार, लँड रोव्हर, बेंटली, अल्फा रोमिओ. क्रायस्लरने तर परवाना घेऊन तो अमेरिकेत कोकोमोला बनवला आणि रॅम पिकअपला बसवला. 2019 च्या टोयोटा सुप्रातही झेडएफच. आयसिनसारखी मातब्बर गिअरबॉक्स कंपनी टोयोटाच्या स्वतःच्याच समूहात आहे, तरीही! कारण ही सुप्रा बीएमडब्ल्यूच्या झेड-फोरसोबत घडली. आयसिनचे गिअरबॉक्स मात्र व्होल्वो आणि प्यूजोमध्ये सापडतात.

बाहेरून घेण्यात कमीपणा काहीच नाही. चांगला ऑटोमॅटिक घडवायला वर्षं आणि अफाट पैसा लागतो, थोड्या गाड्यांवर तो वसूल होत नाही. 1976 ची फेरारी 400 ऑटोमॅटिक निघाली तीसुद्धा जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्सवर.

एकाच कारखान्यावर भिस्त ठेवली की काय होतं, तेही दिसलंय. ऑगस्ट 1953 मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या लिव्होनियाचा, जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारा कारखाना जळाला. मग जनरल मोटर्सच्याच ब्रँडांत कॅडिलॅकला ब्यूइकचा गिअरबॉक्स बसवावा लागला, पाँटिअ‍ॅकला शेवरलेचा. प्रतिस्पर्धी फोर्डची लिंकनही हायड्रामॅटिकच विकत घ्यायची, तिचीही कोंडी झाली.

अर्थात गिअरबॉक्स एक म्हणून चालवायला गाड्या सारख्या होत नाहीत. गिअर कधी बदलायचा, किती हळुवार बदलायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं आणि ते त्या त्या गाडीसाठी जुळवावं लागतं. एकीत गिअर बदललेला कळतही नाही, दुसरीत मान हलते.

मग नाव कळून उपयोग काय? माझ्यासाठी तरी उत्तर तेलात आहे. माझ्या गाडीत हाच आठ गिअरचा झेडएफ. सर्व्हिसवाले म्हणाले, "याचं तेल आयुष्यभराचं आहे, बदलायचं नाही." पुस्तिकेतही तसंच. पण झेडएफ स्वतः सांगते की 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला. त्यासाठी लागणारं सगळं सामान संच करून विकते. या गिअरबॉक्सचा फिल्टर तळाच्या प्लास्टिक पॅनमध्येच असतो, म्हणून पॅनही नवा घालायचा. बनवणारा एक सांगतो, विकणारा दुसरं, आणि गिअरबॉक्स निकामी झाला तर भुर्दंड मालकाला! याचा मला खरंच राग येतो. आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य, गाडीचं की वॉरंटीचं?

म्हणून माझी मागणी साधी आहे. ब्रोशरमध्ये गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं नाव आणि मॉडेल छापा. तेलाबद्दल त्या कंपनीचं म्हणणं पुस्तिकेत जसंच्या तसं द्या.

मी 95,000 किलोमीटरला बाहेरच्या मेकॅनिककडून तेल बदलून घेतलं. निघालं ते काळंकुट्ट होतं. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर येताना बसणारा झटका त्या दिवसापासून जाणवलेला नाही.