एटीकेटी लागली म्हणून स्कॉलरशिप सोडू नका. लागली नाही म्हणून निर्धास्तही राहू नका

सेमिस्टरचे निकाल लागले की सोलापुरातल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो:

"स्कॉलरशिपवाल्यांनी लक्षात ठेवा. एकदा मंजूर झाली की डिग्री होईपर्यंत चालू राहते, फक्त पास व्हायचं. टक्के कोणी बघत नाही. हजेरी नावापुरती. रिन्यूअल कॉलेजच करतं. दिसतील तेवढ्या योजनांचे फॉर्म टाका, एखादी लागतेच. कोर्स बदलला तरी चालतं. पण एक जरी विषय राहिला तर स्कॉलरशिप कायमची गेली, मग फॉर्म भरून उपयोग नाही. सर्वांना पाठवा."

मी इथल्या एका कॉलेजात शिकवतो आणि स्कॉलरशिपच्या अर्जांच्या कामातही असतो. या मेसेजमुळे होणारं नुकसान मला टेबलावर दिसतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मेसेज दोन्ही बाजूंनी चुकतो. ज्यांना पैसे मिळायला हवेत, त्यांना तो फॉर्मच भरू देत नाही. ज्यांनी सावध राहायला हवं, त्यांना तो झोपवतो. पूर्व भागातल्या ज्या घरात आई हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घर चालवते आणि वडील यंत्रमागावर आहेत, त्या घरात एका वर्षाची स्कॉलरशिप बुडाली तर पुढच्या वर्षाचा प्रवेशच अडतो. आधी मुलीचा अडतो, हेही पाहिलं आहे.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त मुलं त्यालाच घाबरतात.

"एक जरी विषय राहिला तर कायमची गेली"

हे चूक आहे. एटीकेटी म्हणजे विषय राहिला, पण विद्यापीठाने पुढच्या वर्गात जाऊ दिलं. इयर डाऊन म्हणजे पुढच्या वर्गात जाताच आलं नाही. स्कॉलरशिपचे नियम या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. मेसेज एकच धरतो.

केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाच्या) शिष्यवृत्तीच्या नियमावलीत याचं उत्तर होतं. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे विद्यार्थी वरच्या वर्गात गेला असेल आणि खालच्या वर्गाचा पेपर त्याला नंतर द्यायचा असेल, तर ज्या वर्गात तो गेला त्या वर्गाची शिष्यवृत्ती त्याला मिळते. बाकीच्या अटी अर्थातच पूर्ण हव्यात. म्हणजे दोन विषय राहूनही सेकंड इयरला प्रवेश मिळालेल्या मुलाने सेकंड इयरचा फॉर्म भरायचाच आहे.

खरोखर नापास झाला तरी दार कायमचं बंद होत नाही. याच नियमावलीत वैद्यकीय, अभियांत्रिकीसारख्या पहिल्या गटातल्या अभ्यासक्रमांसाठी पहिल्या अपयशानंतरही नूतनीकरणाची सोय होती. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मात्र पुढच्या वर्गात जाईपर्यंतचा खर्च विद्यार्थ्याने स्वतः करायचा. "पुढच्या वर्गात जाईपर्यंत" हे शब्द लक्षात घ्या. वर्ष पास होऊन पुढे गेला की त्याने पुन्हा अर्ज करायचा. नापास झाल्यावर दोन-दोन वर्षं लॉगिनच न उघडणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. त्यांना कोणी नाकारलेलं नसतं, त्यांनी स्वतःच सोडून दिलेलं असतं.

आजारपणाचाही विचार त्यात केलेला होता. आजारामुळे किंवा अचानक ओढवलेल्या प्रसंगामुळे वार्षिक परीक्षेला बसता आलं नाही, तर वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन आणि प्राचार्यांची खात्री पटवून पुढच्या वर्षासाठी नूतनीकरण होऊ शकत होतं. म्हणून दवाखान्याचे कागद फेकू नका, आणि ते चार महिन्यांनी आणून देण्याऐवजी त्याच आठवड्यात कॉलेजात द्या.

सोलापूरसाठी महत्त्वाची आणखी एक योजना म्हणजे विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम मंत्रालयाकडून मिळणारी मदत. हिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. साध्या पदवीला वर्षाला ६,००० रुपये आणि व्यावसायिक पदवीला २५,००० रुपये मिळतात. आधीची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास झालेली हवी अशी तिची अट आहे, आणि एवढंच वाचून मुलं मागे फिरतात. त्याच अटीला जोडून पुढचं वाक्य आहे: वरच्या वर्गात प्रमोट झालेले विद्यार्थीही पात्र धरावेत. आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेल आणि एटीकेटीवर पुढच्या वर्षात गेला असाल, तर या अटीवरून स्वतःला अपात्र ठरवू नका.

मेसेजमधलं "कायमची गेली" हे वाक्य काही अंशी खरं ठरतं ते एआयसीटीईच्या (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या) प्रगती शिष्यवृत्तीत. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलींना तीत वर्षाला ५०,००० रुपये मिळतात, आणि पुढच्या वर्षात प्रमोट झाली नाही तर मुलीची शिष्यवृत्ती संपते. इथेही प्रश्न प्रमोट होण्याचा आहे, एका राहिलेल्या विषयाचा नाही. प्रगती मिळणाऱ्या मुलींनी आपल्या कोर्सचा नियम पहिल्याच वर्षी विचारून ठेवावा: किती विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येतं, आणि पहिल्या वर्षाचे विषय कधीपर्यंत सोडवावे लागतात.

"फक्त पास व्हायचं, टक्के कोणी बघत नाही"

याने हुशार मुलांचं नुकसान होतं. बारावीत बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत आलेल्या मुलांसाठी केंद्राची 'सेंट्रल सेक्टर' शिष्यवृत्ती आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये, पुढे पदव्युत्तरला २०,००० रुपये. ती पुढे चालू राहायला वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. बारावीला ८५ टक्के मिळवलेला मुलगा अक्कलकोटहून किंवा मंगळवेढ्याहून इथे येतो, खोलीवर राहतो, पहिलं सेमिस्टर नव्या वातावरणातच जातं आणि वर्षाअखेर ४७ टक्के पडतात. विद्यापीठाच्या लेखी तो पास असतो, एकही विषय राहिलेला नसतो. नूतनीकरण मात्र अडतं, आणि का अडलं ते त्याला कळत नाही, कारण "पास झालं की झालं" हेच त्याने ऐकलेलं असतं.

याला उपाय आहे, पण तो पहिल्या सेमिस्टरच्या निकालाच्या दिवशी करायचा. समजा दोन्ही सेमिस्टरचे एकूण गुण सारखे आहेत आणि पहिल्यात ४४ टक्के पडले. मग ५० ला पोचायला दुसऱ्यात ५६ हवेत. हा आकडा जानेवारीत माहीत असला तर अंतर्गत गुणांच्या चाचण्या, प्रॅक्टिकल आणि जर्नल यांकडे मुलगा वेगळ्या नजरेने पाहतो. जूनमध्ये कळला तर हातात काही नसतं. गुणपत्रकावर टक्क्यांऐवजी सीजीपीए (सरासरी ग्रेड गुण) असेल तर त्याचे टक्के विद्यापीठाच्या सूत्रानेच काढा, अंदाजाने भरू नका; अर्जातला आकडा गुणपत्रकाशी जुळला नाही की अर्ज परत येतो.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरच्या बऱ्याच योजना असा टक्क्यांचा आकडा मागत नाहीत, आणि मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा त्याच माहीत असाव्यात. एका योजनेचा अनुभव सगळ्यांना लावला की असं होतं.

"हजेरी नावापुरती"

राज्य शासनाच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आधीच्या सत्रातली किमान ५० टक्के हजेरी लागते. सवलत फक्त नव्याने प्रवेश घेतलेल्यांना. शिवाय प्रत्येक सत्राच्या परीक्षेला बसायला हवं. "तयारी नाही, पुढच्या वेळी देतो" म्हणून पेपर सोडणारे ही अट विसरतात. पेपर देऊन नापास होणं आणि पेपरलाच न बसणं या योजनेत सारखं नाही. सेंट्रल सेक्टरला ७५ टक्के हजेरी लागते हे वर सांगितलंच. गावाहून एसटीने येणाऱ्यांचं पहिलं लेक्चर बस चुकल्यामुळे कायम बुडत असेल तर वर्गशिक्षकांना आधी सांगा. वर्षाअखेर हजेरीपट बदलून मिळणार नाही, आणि तसं कोणाला मागूही नका.

"रिन्यूअल कॉलेजच करतं"

करत नाही. कॉलेज फक्त तपासतं. महाडीबीटी असो वा राष्ट्रीय पोर्टल, दरवर्षी विद्यार्थ्याने स्वतःच्या लॉगिनमधून नूतनीकरणाचा अर्ज भरायचा, मागच्या वर्षाचं गुणपत्रक जोडायचं आणि मुदतीत सबमिट करायचं. मंजुरी त्या त्या वर्षाची असते.

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात, आणि कारणं अगदी छोटी असतात. मागच्या वर्षी मिळत असताना यंदा 'नवीन' म्हणून अर्ज भरला. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपली आणि सेतूत नवा काढलाच नाही. नेट कॅफेवाल्याने स्वतःचा मोबाईल नंबर टाकला, त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे जातो. क्लार्कने त्रुटी दाखवून अर्ज परत पाठवला आणि मुलाने सबमिट केल्यापासून लॉगिन उघडलंच नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते, कारण मार्क, हजेरी, उत्पन्न सगळं बसत असतं आणि फक्त न पाहिल्यामुळे वर्ष जातं. अर्ज केल्यावर दर आठवड्याला एकदा लॉगिन उघडून स्थिती पाहा.

मुलींना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश घेतलेल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. "मुलींना आता सगळं मोफत आहे" असं ऐकून काही जणी अर्जच करत नाहीत. सवलत अर्जातूनच मिळते, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणातून.

"दिसतील तेवढे फॉर्म टाका"

नको. सेंट्रल सेक्टर घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्क सवलत घेता येत नाही. राजर्षी शाहूमध्येही दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही. आधार क्रमांक एकच असल्याने दोन्हीकडचं नाव लपत नाही, आणि मग मंजूर झालेलीही अडकते.

फॉर्म भरण्याआधी बेरीज करा. इंजिनिअरिंगला हजारो रुपये फी असलेल्या मुलाला शुल्क भरून देणारी योजना १२,००० रुपयांपेक्षा कितीतरी मोठी असते. अनुदानित कॉलेजात बीए-बीएस्सी करणाऱ्या, फी कमी असलेल्या मुलीला मात्र खात्यावर येणारे १२,००० जास्त उपयोगाचे ठरू शकतात. हा हिशेब प्रत्येक घराचा वेगळा असतो. मेसेज पाठवणारा तो तुमच्यासाठी करू शकत नाही.

"कोर्स बदलला तरी चालतं"

त्याच इंजिनिअरिंगमध्ये ब्रँच बदलणं आणि कोर्स सोडून दुसरा धरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एका पातळीचं शिक्षण पूर्ण करून त्याच पातळीवर दुसऱ्या विषयात गेलेल्याला, उदाहरणार्थ बीए झाल्यावर बीकॉमला, शिष्यवृत्ती मिळत नाही. विडी कामगारांच्या मुलांच्या योजनेतही तसंच आहे. राजर्षी शाहूमध्ये अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. कॉलेज सोडल्याचा दाखला (टीसी) काढण्याआधी स्कॉलरशिप विभागात विचारा. टीसी हातात आल्यावर विचारून काही होत नाही.

या मेसेजखाली हमखास एक उत्तर असतं: "माझी मंजूर होती तरी पैसे आले नाहीत, म्हणजे मार्क कमी पडले असणार." तसं असेलच असं नाही. पात्रता आणि पैसे जमा होणं या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि एका वेळी एकच बँक खातं तशा जोडणीत असतं. तुम्ही मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडून आधार जोडला असेल, तर रक्कम त्या नव्या खात्यात गेलेली असू शकते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे कोणतं खातं आधारशी जोडलेलं आहे याची, स्थिती दिसते, ती आधी पाहा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा राज्याच्या हिश्श्यानंतर वेगळा येतो, त्यामुळे अर्धवट रक्कम दिसली म्हणून अपात्र झालो असं समजू नका. लॉगिनमध्ये 'नाकारला' असं लिहिलं असेल तर त्याखालचं कारण वाचा, त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि गुणपत्रक, हजेरीचा दाखला आणि पासबुकाची प्रत घेऊन कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडे (स्कॉलरशिपचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे) जा. तिथे समाधान झालं नाही तर सामाजिक न्याय भवनात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.