मारिया ओरोसा यांच्यावरील लेखावर आलेल्या प्रतिक्रियेस उत्तर

सप्रेम नमस्कार.

फिलिपिन्सच्या अन्नशास्त्रज्ञ मारिया ओरोसा यांच्यावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप असा की, ‘केळ्याचे केचप आणि कोंड्याची बिस्किटे करणाऱ्या बाईला शास्त्रज्ञ आणि युद्धवीर ठरवणे हा भाबडेपणा आहे, स्वयंपाकघरातल्या उचापती म्हणजे संशोधन नव्हे.’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु अशा सुरात लिहून झाल्यावर पुढच्याच ओळीत स्वतःची वस्तुनिष्ठता जाहीर करणे मात्र गमतीचे वाटते.

एक गोष्ट मान्य करते. केळ्याच्या केचपचा व्यापारी जम मागदालो फ्रान्सिस्को यांनी बसवला आणि त्यांचा उल्लेख मी फारच ओझरता केला. तेवढे आपले खरे.

आता त्या ‘उचापतीं’विषयी. ओरोसा बातांगास प्रांतातील ताल गावच्या. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधी रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन त्या 1922 मध्ये मायदेशी परतल्या आणि पुढे मनिलाच्या ‘ब्यूरो ऑफ सायन्स’ या सरकारी संस्थेत स्थानिक पिकांवर काम करू लागल्या. ज्या रॉबर्ट विल्यम्स यांनी 1936 मध्ये थायमिन, म्हणजे ब 1 जीवनसत्त्व, प्रयोगशाळेत घडवले, त्यांनी याच जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरी या रोगावरील कामाला सुरुवात केली ती याच संस्थेत. तांदूळ पॉलिश करताना हे जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून जाते आणि भातावर जगणाऱ्या गरिबाला बेरीबेरी गाठते, हे तोवर कळले होते. प्रश्न उरला होता तो हा की, गुरांपुढे टाकला जाणारा कोंडा माणसाने खावा कसा आणि तो टिकवावा कसा.

हा प्रश्न आपल्याला किरकोळ वाटतो, कारण तो आपल्यावर कधी आलेला नसावा. भात कांडल्याबरोबर कोंड्यातले तेल विघटित होऊ लागते आणि काही दिवसांतच तो खवट होतो; उष्णता देऊन ही क्रिया थांबवावी लागते, पण ती बेताने, कारण थायमिनलाही उष्णता मानवत नाही. सोयाबीनचीही तीच कथा आहे. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो. तो शिजवून घालवावा लागतो, आणि आच जास्त झाली तर प्रथिनांचाच कस उतरतो. ओरोसा यांनी सोयाबीनपासून ‘सोयालॅक’ नावाची पौष्टिक भुकटी आणि कोंड्यापासून ‘दाराक’ बिस्किटे तयार केली, ती या अडचणींच्या पार्श्वभूमीवर. मी अन्नतंत्रज्ञान शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत आणि कोंड्याचा खवटपणा रोखताना हुशार विद्यार्थ्यांनी हात टेकलेले पाहिले आहेत. आपण स्वतः कधी कोंडा टिकवून पाहिला आहे काय, असे विचारण्याचा मोह होतो, तो आवरते.

‘युद्धवीर’ या शब्दाबद्दल थोडक्यात सांगते. जपानी ताब्यातील मनिलात सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात हजारो परदेशी नागरिक, त्यांत बहुसंख्य अमेरिकन, स्थानबद्ध होते आणि 1944 मध्ये त्यांची उपासमार सुरू झाली. बांबूच्या पोकळ नळ्यांतून सोयालॅक आणि दाराक चोरून आत पोहोचवले जात होते. मार्किंग या फिलिपिनो नेत्याच्या जपानविरोधी गनिमी दलात ओरोसा यांना कॅप्टनचा हुद्दा होता. तो मी बहाल केलेला नाही. शहर सोडण्याचा आप्तांचा आग्रह त्यांनी मानला नाही. 13 फेब्रुवारी 1945 रोजी, मनिलाची लढाई ऐन भरात असताना, त्या कचेरीतच तोफगोळ्याच्या तुकड्याने जखमी झाल्या, आणि ज्या रुग्णालयात त्यांना नेले त्यावरही गोळे पडून तेथेच त्यांचा अंत झाला. ते गोळे अमेरिकन तोफांचे होते. ‘अमेरिकनांनी मनिला मुक्त केले, याचे श्रेय लेखात दिसत नाही’ हा आपला आक्षेप हा तपशील वाचल्यानंतरही कायम असेल, तर माझ्यापाशी त्याला उत्तर नाही.

राहिले लेखाची लांबी, सनावळीचा ‘कंटाळा’ आणि ‘मराठी वाचकाला याचे काय’ हे तीन मुद्दे. पहिल्या दोहोंना औषध नाही. तिसऱ्यावर एवढेच म्हणते की, आपण स्वतः मराठी वाचक आहात आणि आपली प्रतिक्रिया लेखाहून फारशी आखूड नाही.