महाग रायफल म्हणजे हलकी? खुलासा

रावेर-यावलच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'महागडी शिकारी रायफल वजनाला हलकी, म्हणून नेम पक्का. रानडुकरांसाठी तीच घ्या.' गेल्या आठवड्यात मीही तो पुढे ढकलला होता. चूक झाली, भाऊ.

कंपन्यांनी दिलेली वजनं पाहिली. रुगर अमेरिकन ही स्वस्तातली रायफल, प्लास्टिकचा दस्ता, सुमारे २.८ किलो. विंचेस्टर मॉडेल ७० सुपर ग्रेडची अमेरिकेतली किंमत दुपटीहून जास्त, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, वजन साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे इथे उलटंच! जास्तीचा पैसा बराचसा लाकूडकाम आणि फिनिशिंगचा असतो. शिवाय तीच गोळी हलक्या रायफलीतून झाडली की खांद्याला धक्का जोरात बसतो, आणि धक्क्याच्या धास्तीनेच नेम बिघडतो.

खरी अडचण वेगळीच. अशा रायफलीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. परवाना असला तरी डुक्कर मारायला वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. केळीचं नुकसान झालं असेल तर आधी वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. माझ्याकडून आलेला असेल तर डिलीट करा.