हलकी पिशवी हळू पडते म्हणे!

रेल्वेच्या फळीवरून परक्याची पिशवी आपल्या टाळूवर आदळली, तर निदान 'सॉरी' कानावर पडावं, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. पिशवीची मालकीण मोबाइलमध्ये गुंग होती. तिच्या वतीने निवाडा दिला समोरच्या काकांनी. "हलकी होती हो. हलकं सामान हळू पडतं. लागलं नसणार."

फळीपासून डोक्यापर्यंत पाऊण मीटर धरा. पिशवी दोन किलोची असो वा वीस किलोची, ती ०.३९ सेकंदात पोहोचते आणि टेकताना तिचा वेग ताशी सुमारे १४ किलोमीटर असतो. वजनाने टेंगळाचा आकार बदलतो, वेग नाही. हे सगळं मी टाळू चोळत सांगितलं.

"असं कसं?" काकांनी शेंगदाण्यांची पुडी मांडीवर ठेवली. "दगड धपकन पडतो, पीस तरंगत येतं. शेंबडं पोरही सांगेल."

शेंबड्या पोराचं सोडा, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलही हेच सांगत होता. जड वस्तूला विश्वाच्या मध्याकडे जायची ओढ. वजन दहापट तर वेग दहापट. माध्यम जितकं दाट तितका वेग कमी. माणूस बावळट नव्हता. पाण्यात बुडणाऱ्या वस्तू पाहिल्या तर जड ते लवकर बुडतं हे पटतंच. त्याची पंचाईत झाली ती बाणापाशी. धनुष्यातून सुटल्यावर बाणाला ढकलतं कोण? तर म्हणे हवा! सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने हे उडवून लावलं. मागची हवा हलवून दगड फेकता येतो का, असा त्याचा रोकडा सवाल. वर त्याने हेही लिहून ठेवलं, की वजनांत मोठा फरक असलेल्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या, तर वेळेतला फरक अगदी किरकोळ निघतो. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदाँने भोवरा पुढे केला. तो जागच्या जागी फिरतो, त्याच्या मागे हवा शिरणार कुठून? फेकणारा वस्तूतच 'इम्पेटस', म्हणजे पुढे नेणारा जोर भरतो, असं त्याचं म्हणणं. वैशेषिकसूत्रांतही बाणाच्या पुढच्या गतीचं कारण 'संस्कार' असं दिलंय, पण हे मी काकांपासून लपवलं. नाहीतर 'सगळं आपल्याकडेच होतं' हे ठाणे येईपर्यंत ऐकावं लागलं असतं.

"अ‍ॅरिस्टॉटल म्हणजे सिकंदराचा गुरू ना? मग त्याचंच खरं."

मी गॅलिलिओचं हुकमी पान टाकलं. जड दगडाला हलका दगड बांधा. हलका हळू पडत असेल, तर तो जडाला मागे ओढणार, म्हणजे जोडी सावकाश पडायला हवी. पण जोडीचं वजन तर वाढलंय, म्हणजे ती वेगाने पडायला हवी. दोन्ही कसं होईल?

"दोन नग बांधले की एकच नग होतो," काका म्हणाले. "पार्सल ऑफिसात विचारा."

यावर गॅलिलिओकडेही उत्तर असेल, पण डब्यात तो नव्हता.

मग काकांनी प्रयोगच मांडला. उजव्या हातात पाण्याची भरलेली बाटली, डाव्या हातात शेंगदाणा, दोन्ही खांद्याच्या उंचीवर. सोडलं, आणि शेंगदाणा आधी पोहोचला! बाटली माझ्या बुटावर.

याचं कारण साधं आहे. जड वस्तू धरलेली मूठ आवळलेली असते आणि दोन्ही मुठी एकदम उघडतोय असं वाटलं तरी ती किंचित उशिरा सुटते. तरुण गॅलिलिओनेही लाकूड सुरुवातीला शिशाच्या पुढे जातं असं लिहिलं होतं. आज त्याचा दोष हाताकडेच जातो. काकांनी मात्र तिथल्या तिथे पक्ष बदलला. "म्हणजे हलकंच जोरात पडतं! बघा, मग पिशवी लागली असेल." माझ्या टेंगळाला मान्यता मिळाली ती अशी, चुकीच्या कारणाने.

हातावर विसंबू नये, आणि एका ठोक्यावर कान ठेवावा, हे फ्लेमिश गणिती सायमन स्टेव्हिनला कळलं होतं. १५८६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रयोगात शिशाचे दोन गोळे होते, एक दुसऱ्याच्या दहापट जड. तीस फुटांवरून फळीवर सोडले, तर आवाज एकच आला. पण पाठ्यपुस्तकांना पिसा शहराच्या तिरक्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे सोडल्याची गोष्टच हवी. ती गोष्ट लिहिली गॅलिलिओच्या शिष्याने, विवियानीने, आणि बऱ्याच वर्षांनी. गॅलिलिओने स्वतः १६३८च्या पुस्तकात सविस्तर वर्णन केलंय ते बारा हात लांबीच्या लाकडी तुळईचं. तिच्यात बोटभर रुंद खाच, खाचेला गुळगुळीत चर्मपत्राचं अस्तर, वरून सोडलेली काशाची गोळी आणि वेळ मोजायला भांड्यातून गळणारं पाणी तोलायचा तराजू. पडणं पाहायला फार जलद, म्हणून त्याने ते उतारावर आणून मंद केलं. एवढी अक्कलहुशारी, आणि मुलांना मात्र तिरका मनोरा पाठ!

हे घरीही जमतं. सुमारे पावणेदोन मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ घ्या आणि वरचं टोक पाचेक सेंटिमीटर उचला. गोळी सुटते तिथपासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर पन्हळीवर आडवा बारीक दोरा ताणा. गोळी दोऱ्यांना टिकटिक करत जाते आणि ठोके साधारण सेकंदा-सेकंदाने पडतात. लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरं १, ३, ५, ७ पट वाढली तरी वेळ तोच. चढ जास्त दिला तर ठोके एकमेकांत मिसळतात, आणि दोरा जाड असला तर गोळी अडखळून शेवटचा ठोका हमखास उशिरा येतो.