भागा नदी: एक दुरुस्ती आणि थोडी भर

हिमाचलातल्या लाहौलच्या चंद्रा आणि भागा या नद्यांवरचा लेख आवडला, पण एक दुरुस्ती. त्यात ‘चंद्रा आणि भागा दोन्ही तळ्यांतून निघतात’ असं म्हटलंय. भागाचं खरं आहे. ती बारालाचा खिंडीखालच्या सूरजतालमधून निघते. चंद्राचं मूळ मात्र खिंडीच्या दुसऱ्या बाजूच्या हिमनद्यांत. चंद्रतालचं पाणी तिला पुढे येऊन मिळतं, इतकंच. नावामुळे सगळ्यांचाच घोळ होतो, माझाही झाला होता.

गंमत अशी की एकाच खिंडीच्या दोन अंगांनी निघालेल्या या दोघी. चंद्रा आधी आग्नेयेला जाते, मग मोठा वळसा घालून येते. भागा नैर्ऋत्येला तडक, दारचा, जिस्पा, केलाँगवरून. साठ-पासष्ट किलोमीटरांत तांडीला हजर! सूरजताल सुमारे ४,८८० मीटरवर आणि केलाँग ३,०८० मीटरच्या आसपास, यावरून उताराची कल्पना यावी. तांडीला दोघी एकत्र येतात आणि तिथून पुढे ती चंद्रभागा, म्हणजेच चिनाब. (आपली पंढरपूरची वेगळी हो!)

मनाली-लेह रस्त्यावरच्या झिंगझिंगबारजवळचा नाला सकाळी आम्ही बूटसुद्धा न भिजवता, दगडांवरून ओलांडला होता. दुपारी परतताना तिथेच गढूळ पाणी गुडघ्यापर्यंत, आणि आतून दगड गडगडत असल्याचा आवाज. पाऊस थेंबभर नव्हता. लाहौल पर्जन्यछायेत, आमच्या माण-खटावसारखाच. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, तेच पाणी. लेखात हे यायला हवं होतं, कारण तिकडे बाइकवर निघालेल्यांनी असे नाले सकाळीच ओलांडलेले बरे.