प्रतिक्रियेला उत्तर: 'बँकेनं बघितलंय की, मग आणि इंजिनियर कशाला?'

नमस्कार दादा,

'घर घ्यायच्या आधी आपला इंजिनियर नेऊन तपासून घ्या' ह्या माझ्या पोस्टवरची तुमची कॉमेंट वाचली, एवढी मोठी लिहिलीय म्हटल्यावर चार ओळीत उत्तर देणं बरं दिसत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदांची तपासणी) आला, बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत काढणारा) येऊन गेला, लोन सँक्शन झालं, मग घर तपासायला आणि वेगळा इंजिनियर कशाला, ही बाहेरच्या देशातली फॅडं आहेत, कोल्हापुरात व्यवहार माणूस बघून होतात. आणि जाता जाता एक टोमणा, 'तुमचं कुणाशी कमिशन ठरलंय का?'

कमिशनचं आधी सांगतो, नाही. ठरलं असतं तर पोस्टमध्ये पहिल्यांदा कुणाचातरी नंबर टाकला असता की.

आता बँकेचं. व्हॅल्युअर हा बँकेचा माणूस, तुमचा नाही. त्याला एवढंच बघायचंय की उद्या तुमचे हप्ते थकले तर हे घर विकून बँकेचे पैसे निघतील का. तो एरिया बघतो, चटई क्षेत्र किती, आजूबाजूचा रेट काय, मंजूर नकाशाशी जुळतंय का, चार फोटो काढतो आणि जातो. बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून बघणं त्याच्या कामात येतच नाही. वकील प्रॉपर्टी कार्ड बघतो, बोजा बघतो, घरफाळा थकलाय का बघतो. दोघंही आपापलं काम चोख करतात हो, फक्त घर बघायचं काम दोघांपैकी कुणाचंच नाही, आणि आपण मात्र धरून चालतो की कुणीतरी बघितलं असणार.

माणूस बघून व्यवहार, हे मला पण मान्य आहे. पण विकणारा कितीही सज्जन असला तरी त्याच्या स्लॅबमधली सळी गंजलीय का हे त्याला तरी कुठं माहीत असतं? त्याला ठाऊकच नाही ते तो सांगणार कसं. आणि कायदा पण इथं फार मदतीला येत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 55 आहे, त्यात विकणाऱ्यानं मोठा दोष सांगायला पाहिजे असं आहे, पण कुठला दोष, तर जो त्याला माहीत आहे, तुम्हाला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊनसुद्धा तुम्हाला दिसला नसता असा. म्हणजे भिंतीला लोणा (ओलीनं येणारा पांढरा खार) लागलेला सरळ दिसत होता आणि तुम्ही बघितलं नाही, तर नंतर भांडायला जागा फार कमी उरते. बघून घेणं म्हणजे अविश्वास नव्हे, कोल्हापुरात गंगावेशीत आपण डोळ्यासमोर म्हशीची धार काढायला लावून दूध पितो, तिथं कुणी म्हणत नाही की गवळ्यावर विश्वास नाही.

आता हा इंजिनियर येऊन नक्की करतो काय, तर तुम्ही लिहिलंय 'भेगा बघून घाबरवतो'. उलट आहे. बऱ्याच भेगांना काही अर्थ नसतो हे सांगायलाच तो लागतो. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगा, किंवा बीमच्या खाली जिथं विटांची भिंत लागते तिथली आडवी रेघ, ह्या बहुतेक घरात असतात, काँक्रीट आणि वीट ऊनपावसात वेगवेगळं हलतात म्हणून पडतात, जाळी मारून पुट्टी-रंग केला की संपलं. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि एका टोकाला रुंद होत गेलेली भेग असली तर पाया कुठंतरी बसतोय का हे बघायला लागतं, काळ्या मातीवर पाया पुरेसा खोल नेला नसेल तर ही भानगड हमखास, कारण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. आणि कॉलमला उभी, सळीच्या रेषेत गेलेली भेग, वर तांबूस डाग, ते दिसलं की थांबायचंच. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ जागेच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून जास्त जागा मागतं आणि आतून काँक्रीट फोडतं. त्याच्यावर नुसता रंग मारून घर दाखवलं तर तुम्हाआम्हाला काय कळणार आहे. तिथं तो हॅमर टेस्ट (हातोडीसारखं यंत्र मारून काँक्रीटची ताकद बघणं) करायला सांगेल, अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लहरी सोडून आतली भेग-पोकळी बघणं) करायला सांगेल, किंवा सरळ म्हणेल सोडून द्या.

बाकीचं तर साधंच असतं, नाण्यानं फरशी वाजवून पोकळ आहे का बघणं, बाथरूममध्ये बादली ओतून पाणी जाळीकडं जातंय का कोपऱ्यात थांबतंय ते बघणं, आरसीसीबीचं (शॉक लागू नये म्हणून वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघणं, अर्थिंग मोजणं. सगळ्यात वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर गच्चीचा कोबा (पाणी झिरपू नये म्हणून घातलेला थर) बघणं. ह्यातलं निम्मं तुम्ही स्वतः पण करू शकता, मी नको म्हणत नाही.

पण पुराचं मात्र जास्त बोलायला पाहिजे, कारण तुम्ही त्याचा एका शब्दानं उल्लेख केला नाही आणि कोल्हापुरात घर घ्यायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि 2019 ला पण आणि 2021 ला पण पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. त्याआधी 2005 ला पण मोठा पूर आलाच होता. निळी पूररेषा 25 वर्षांत एकदा येईल एवढ्या पुराची धरतात आणि लाल 100 वर्षांत एकदा, आता ही 'एकदा' कॅलेंडरसारखी वाचायची नाही हे आपल्याला दोन वर्षांच्या अंतरानं कळलंच. शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्कचा काही भाग, जयंती नाल्याच्या कडेची घरं, ह्यात ग्राउंड फ्लोअर घेताना आत गेल्या गेल्या भिंतीचा खालचा भाग बघा. गिलावा एका उंचीपर्यंत नवा आणि वर जुना, स्विचबोर्ड उगाच छातीच्या वर चढवलेले, मीटर जिन्यात उंचावर नेलेला, असं असलं की विचारायचं, दादा पाणी कुठवर आलं होतं? मालकानं नाही सांगितलं तर शेजारचा दुकानदार सांगतो, इंचासकट सांगतो. पुरात राहिलेलं घर घेऊच नये असं मी म्हणत नाही, लोक राहतातच की, पण मग रेट तसा लावा.

आणि मुहूर्ताचं एक. आपल्याकडं पाडव्याला घर बुक करायची हौस, आणि पाडवा म्हणजे मार्च-एप्रिल, भिंती कोरड्या ठाक, ओल असली तरी दिसायची नाही. त्यापेक्षा दसरा बरा, पाऊस नुकताच सरलेला असतो, पोपडे, बुरशी, कपाटामागचा कुबट वास, सगळं ताजं असतं. पाडव्यालाच घ्यायचं असलं तर ओलाव्याचं मीटर घेऊन येणारा माणूस तरी न्या.

तुमच्या एका मुद्द्याला मात्र माझ्याकडं सोपं उत्तर नाही. 'इथं कुणीही उठून इन्स्पेक्टर म्हणवून घेईल, लायसन कुठं असतं?' बरोबर आहे, घर तपासणाऱ्याचं वेगळं लायसन आपल्याकडं नाही. म्हणून मी महापालिकेकडं नोंद असलेला स्ट्रक्चरल इंजिनियर बघा म्हणतो, आणि तो एजंटनं सुचवलेला नको, बिल्डरचा मित्र तर अजिबात नको. रिपोर्ट लेखी, फोटोसकट, सही-शिक्का घेऊन. तोंडी 'चांगलं आहे घर, घ्या' ह्याला काही किंमत नाही. पैशाचं म्हणाल तर 40 लाखाच्या घरावर एजंटला एक टक्का म्हणजे 40 हजार आपण हसत देतो, आणि एका फ्लॅटच्या साध्या तपासणीला त्याच्यापेक्षा कितीतरी कमी लागतात. टेस्ट करायला लागल्या तर वाढतील, तेव्हा ठरवा.

नवीन फ्लॅटला गरज नाही म्हणालात, तिथं पण मी गरज आहेच म्हणेन. रेरा कायद्यात (बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा) ताबा मिळाल्यापासून 5 वर्षं बांधकामातले दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करून द्यायचे आहेत, कळवल्यापासून 30 दिवसांत. पण कळवायला आधी दोष सापडायला पाहिजे ना, आणि लेखी पाहिजे. जुन्या, रिसेलच्या बिल्डिंगला हे पण संरक्षण नाही.

बाकी तुम्ही शेवटी लिहिलंय की मेव्हण्यांचं राजारामपुरीतल्या एका जुन्या अपार्टमेंटमध्ये ठरत आलंय आणि पुढच्या आठवड्यात संचकार (विसार देणं) आहे. माझं ऐका, संचकाराच्या आधीच माणूस नेऊन आणा, पैसे दिल्यावर काढलेल्या दोषाला मालक 'तुम्ही बघूनच घेतलंय की' म्हणतो. ते जमत नसलं तर संचकारपत्रात एक ओळ घाला, की तपासणीत मोठा दोष निघाला तर रक्कम परत. वकिलाला सांगा, दोन मिनिटाचं काम आहे. आणि बिल्डिंग 30 वर्षांची झाली असेल तर सोसायटीकडं स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) रिपोर्ट मागा, एवढ्या जुन्या इमारतीला तो कायद्यानं करून घ्यावाच लागतो. 'केलाय पण सापडत नाही' असं उत्तर आलं तर केलेला नाही असंच धरा आणि मेव्हण्यांना पुढच्या आठवड्याची तारीख पुढं ढकलायला लावा.