आजारी पडायचं तर रीतसर पडा

तुम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत असा, गोकुळ शिरगावात असा, नाहीतर कागलच्या पंचतारांकित वसाहतीत (पंचतारांकित वसाहत आहे, तुमची खोली नव्हे), कामगाराला आजारी पडण्याची एक रीत असते. ती कुणी शिकवत नाही. मग माणसं भलतीकडेच आजारी पडतात आणि सगळ्यांची पंचाईत करतात.

मुख्य गोष्ट अशी, की दिसेल तोच आजार घ्यावा. हातावर वितळलेल्या लोखंडाचा रस उडाला, बोट प्रेसमध्ये सापडलं, पाय मोडला, तर उत्तम. पट्टी दिसते, प्लास्टर दिसतं, सुपरवायझर शहाळं घेऊन घरी येतो. दिसणाऱ्या आजारांची सरकारनं यादीही करून ठेवली आहे. आधी ती 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये होती, 2025 पासून नव्या कामगार संहितेत आहे. तिची तिसरी अनुसूची उघडा, त्यात 29 रोग सापडतील. फौंड्रीवाल्यांना वाळूच्या धुळीचा सिलिकॉसिस, इचलकरंजीकरांना कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस, फेटलिंगवाल्यांना, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्यांना, आवाजानं येणारं बहिरेपण. शिसं आहे, पारा आहे, अँथ्रॅक्ससुद्धा आहे. तो शिरोलीत कुठून पैदा करायचा ते तुमचं तुम्ही बघा, कायद्यानं आपली बाजू सांभाळली आहे. मात्र छातीत धडधडणं, चार-चार रात्री डोळ्याला डोळा न लागणं, डबा उघडल्यावर विनाकारण रडू येणं, यातलं काहीही त्या 29 मध्ये नाही. तेव्हा ते तुम्हाला झालेलं नाही.

आता कुणी म्हणेल, ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, मनाला जागा आहे की. आहे ना! दीर्घ आजारांच्या यादीत सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, आहे आणि त्याला 2 वर्षांपर्यंत 80 टक्के पगार मिळू शकतो. पण नीट वाचा. नुसतं उदास होऊन तिथं भागत नाही, भ्रम व्हावे लागतात. त्याआधी 2 वर्षं सलग विम्याची नोकरी झालेली असावी लागते. ठेकेदार मध्ये मध्ये ब्रेक देत असेल तर वेड लागण्याचा मुहूर्त जरा पुढे ढकला. साध्या आजारपणाचे 70 टक्के, वर्षात 91 दिवस, हे डॉक्टरनं ‘डिप्रेशन’ लिहून दिलं तरी मिळतात. पण तो कागद टाइम ऑफिसच्या खिडकीत सरकवायचा कुणी? खिडकीतला माणूस तुमच्याच गावचा असतो. आणि तुमच्या बायकोच्या माहेरकडून नात्यातला.

झोपेचं मात्र मनावर घेऊ नका. या आठवड्यात पहिली शिफ्ट, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग तिसरी. शरीर एका शिफ्टला जरा कुठं रुळतं, तोवर बोर्डावर नवं वेळापत्रक लागतं. भट्टीला याचा त्रास होत नाही. 1400 अंशांचा रस रात्री तीनलाही तितकाच लाल असतो. तुम्हालाच कसा होतो? त्यातून राधानगरी-पन्हाळ्याकडून मोटारसायकलवर येणारा असाल तर घरी वीस गुंठे ऊस असतोच. शेतीपंपाची लाइट या आठवड्यात रात्रीची असते. म्हणजे दुसरी शिफ्ट करून साडेबाराला घरी पोचायचं, कपडे न बदलता बॅटरी घेऊन पाणी पाजायला जायचं, पहाटे धारेला बसायचं. एवढं करून माणूस चिडचिडा होतो आणि पोरावर हात टाकतो. त्याला घरचे ‘स्वभाव’ म्हणतात. स्वभावाला औषध नसतं, त्यामुळे खर्चही नसतो.

बिहार-ओडिशाकडून आलेला असाल तर तुमचं आणखी सोपं आहे. एका खोलीत आठजण, रडायला जागाच नाही. आठवड्यातून एकदा आईचा फोन येतो, त्यात ‘सब ठीक’ एवढंच म्हणायचं असतं. पुढचं रेंज बघून घेते.

तरीही कुणाला कळलंच, तर कोल्हापुरात उपचारांची टंचाई नाही. पहिला डोस कट्ट्यावर मिळतो. “लई इचार करतोस भावा, तांबडा रस्सा वरप, घाम काढ, झटक्यात बरा हुतोस!” (तांबड्या रश्श्यावर माझीही श्रद्धा आहे, पण सर्दीपुरती.) दुसरा डोस पानपट्टीवर, मावा चोळता चोळता. तिसरा सासरकडून, अमावास्येला लिंबू उतरून. लग्न झालं नसेल तर लग्न करा. झालं असेल तर पोर होऊ द्या. पोरं झाली असतील तर मग तुम्हाला टेन्शन घ्यायचा वेळ मिळतोच कसा? तालमीत वाढलेल्या माणसाला असलं काही होत नाही, हे तर सर्वमान्यच आहे. मन तालमीच्या बाहेर चपलांपाशी काढून ठेवायचं असतं.

मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे ‘रत्नागिरीला’ जाणं. तिथं मनोरुग्णालय आहे, आणि आपल्याकडे गोळी आणि गजाआड यांच्या मध्ये एकही स्टॉप नाही. फारच अडलं तर मिरजेला जा. डोळे तपासायला चाललोय असं सांगा. मिरजेला डोळे तपासायला गेलेली इतकी माणसं मला माहीत आहेत, की आख्ख्या उद्यमनगरात एकाचाही नंबर वाढलेला नसावा.

सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 ला टेली-मानस नावाची फोनसेवा काढली. नंबर 14416. पैसे पडत नाहीत, रात्री तीनलाही कुणीतरी उचलतं, मराठीत बोलतं, नाव सांगायची सक्ती नाही. हा नंबर अजिबात सेव्ह करू नका. फायनान्सवाल्याचा सेव्ह आहे, सुपरवायझरचा आहे, मटणवाल्याचा आहे, फोनला आणखी किती भार द्यायचा? कारखान्याच्या बोर्डावर तर तो लावूच नका. तिथं 4 मार्चच्या सुरक्षा दिनाच्या सूचना असतात. हेल्मेट घाला, गॉगल घाला, बूट घाला. सूचनांत डोक्याचा उल्लेख आहे, पण बाहेरून.

आमच्या शेजारी एकजण फेटलिंगला आहे, ग्राइंडरवर. नाव सांगत नाही, कारखान्याचंही नको. रात्री घरात सगळं शांत झालं की त्याला ग्राइंडर ऐकू येतो. बायको पंखा बंद करून बघते, फ्रिज बंद करून बघते. “आता?” “हाय अजून.” एकदा त्यानं सुपरवायझरला सांगून बघितलं. सुपरवायझर हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. म्हणाला, कापूस घाल कानात.

तेव्हापासून तो रीतसर आजारी पडतो. ज्या सकाळी उठून बूट घालवत नाहीत, त्या दिवशी रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात ‘जुलाब’ लिहितो. जुलाबाला कुणी प्रश्न विचारत नाही. या वर्षात त्याला अकरा वेळा जुलाब झाले. परवा सुपरवायझरनं त्याला गेटवर थांबवलं, खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेनं सांगितलं, “मिसळ बंद कर बघ थोडे दिवस.”